हिरवा त्रिकोण आणि पंधरा सेकंद

गेल्या श्रावणात सिन्नरला मामांकडे गेलो होतो. टोमॅटोवर औषध मारून झालं होतं. पंप पाठीवर टाकून गडी सरळ शेततळ्याकडे निघाला आणि काठावर बसून त्यानं पंप विसळायला घेतला. रिकामी बाटलीही त्याच पाण्यात दोनदा बुचकळली. मी म्हटलं, "मामा, अहो तळ्यात कशाला?" मामांनी बाटली उचलून माझ्यापुढं धरली. "हे बघ, हिरवा त्रिकोण आहे. साधं औषध आहे हे. लाल असतं तर मीच ओरडलो असतो त्याला."

मामा खोटं बोलत नव्हते. त्रिकोण हिरवाच होता. तो कुणासाठी हिरवा आहे, एवढंच बाटलीवर लिहिलेलं नसतं.

त्रिकोण कुणाचा?

आपल्याकडे कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर पतंगासारखी उभी चौकट असते आणि तिचा खालचा अर्धा भाग रंगवलेला असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, मग निळा आणि सगळ्यात सौम्य तो हिरवा. कीटकनाशकांचा कायदा 1968 चा, नियम 1971 चे, आणि हे रंग त्या नियमांतले. रंग कुठल्या आधारावर ठरतो? उंदरांसारख्या सस्तन प्राण्यांवरच्या चाचणीवरून. वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम औषध पोटात गेलं की निम्मे प्राणी मरतात, ते पाहतात. 50 मिलिग्रॅमपर्यंतच मरत असतील तर लाल. 5000 च्या वर दिलं तरी निम्मे मरत नसतील तर हिरवा.

उंदीर इथं माणसाच्या जागी उभा आहे. म्हणजे त्रिकोण सांगतो तो फवारणाऱ्याचा आणि घरातल्यांचा धोका. पाण्यात राहणाऱ्यांबद्दल तो गप्प आहे. त्यांच्यासाठी वेगळी चाचणी असते आणि ती बहुतेकांनी कधी ऐकलेलीही नसते. मी दोन वर्षं अशा चाचण्या करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम केलंय, म्हणून मामांपुढं इतकं तोंड उघडलं.

डॅफ्निया: जवळ्याची लांबची बहीण

पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांना शास्त्रात अपृष्ठवंशी म्हणतात. गोड्या पाण्यात त्यांची गर्दी असते: गोगलगायी, चतुराची पिल्लं, डासांच्या अळ्या, आणि डोळ्याला जेमतेम दिसणारे, पाण्यात टुणटुण उड्या मारत फिरणारे ठिपके. या ठिपक्यांतलाच एक डॅफ्निया. इंग्रजीत त्याला पाण्यातली पिसू म्हणतात, पण पिसूशी त्याचं नातं नाही. तो कोळंबी-खेकड्याच्या खानदानातला. कोकणातला जवळा आठवा, आणि त्याला आणखी बराच लहान करून काचेसारखा पारदर्शक करा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटकडच्या माशांच्या दुकानांत जिवंत खाद्य विकतात, त्यात याच कुळातली मंडळी असतात.

चाचणीसाठी जगभर वापरतात ती जात डॅफ्निया मॅग्ना. पूर्ण वाढ झाली की पाच मिलिमीटरच्या आसपास. पारदर्शक असल्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तिचं धडधडणारं हृदय दिसतं, पोटातलं हिरवं शेवाळ दिसतं, पाठीवरच्या पिशवीतली पिल्लं मोजता येतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डब्याची वेळ टळून गेली होती, तरी उठलो नव्हतो.

प्रयोगशाळेला ती आवडते याची कारणं मात्र व्यवहारी आहेत. जागा कमी लागते. खायला शेवाळ पुरतं. आठ-दहा दिवसांत वयात येते आणि मग दर तीन-चार दिवसांनी वीण देते. शिवाय परिस्थिती चांगली असेल तर तिला नर लागतच नाही. आई स्वतःच्याच प्रती काढत जाते, सगळ्या मुलीच. म्हणजे चाचणीतली वीस पिल्लं ही जवळजवळ एकाच छापाची. एक मेलं आणि दुसरं जगलं तर "त्याची प्रकृतीच नाजूक होती" ही पळवाट उरत नाही. 1944 मध्ये अमेरिकेत अँडरसन नावाच्या शास्त्रज्ञानं कारखान्यांच्या सांडपाण्यातली विषं डॅफ्नियावर मोजून दाखवली. हा प्राणी प्रयोगशाळेच्या टेबलावर आहे तो तेव्हापासून, थोडा आधीपासूनच.

पेल्यात काय होतं

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं या चाचणीची पद्धत बांधून दिली आहे. तिचा क्रमांक 202. सध्याची आवृत्ती 2004 ची. भारत 2011 पासून या संघटनेच्या परस्पर-मान्यता व्यवस्थेत पूर्ण सदस्य आहे, त्यामुळे आपल्याकडच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नियमानं केलेली चाचणी युरोपातही चालते.

पद्धत वाचायला सोपी आहे. रसायनाची किमान पाच द्रावणं करायची, प्रत्येक पुढचं मागच्यापेक्षा साधारण दुप्पट तीव्र. दर तीव्रतेला वीस पिल्लं, शक्यतो पाच-पाचच्या चार पेल्यांत. दर पिल्लामागे किमान दोन मिलिलिटर द्रावण, म्हणजे पाच जणींसाठी दोन चमचे पाणी. पिल्लांचं वय चोवीस तासांच्या आत. तापमान 18 ते 22 अंशांच्या मध्ये आणि एकदा ठरवलं की एका अंशापलीकडे हलायचं नाही. खायला काही नाही, हवेचे बुडबुडे नाहीत. चोवीस तासांनी मोजायचं, अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा मोजायचं. झालं.

करायला गेलं की हात कापतात. संध्याकाळी पिल्लांच्या आया वेगळ्या काढून ठेवायच्या. सकाळी त्यांच्या भांड्यात रात्रीत झालेली पिल्लं, एक मिलिमीटरही नाहीत अशी, रुंद तोंडाच्या ड्रॉपरनं एकेक उचलायची. ड्रॉपरचं टोक पेल्यातल्या पाण्याच्या वर राहिलं आणि थेंब वरून पडला, तर पिल्लाच्या कवचाखाली हवा अडकते. मग ते बुचासारखं पृष्ठभागावर तरंगतं, कितीही हातपाय मारले तरी खाली जात नाही. असं एक जरी तरंगलं तरी गोंधळ होतो, कारण उद्या ते हललं नाही तर दोष रसायनाचा की माझ्या हाताचा? म्हणून टोक पाण्याखाली नेऊन हळूच सोडायचं. पहिल्या आठवड्यात मी इतकी पिल्लं तरंगवली की आमच्या मॅडमनी मला फक्त पेले धुवायला बसवलं.

पाच तीव्रतांच्या सोबत एक पेल्यांचा संच नुसत्या पाण्याचा असतो. त्याला कंट्रोल म्हणतात. त्यात काहीच घातलेलं नाही, तेव्हा तिथं कुणी मरायला नको. तिथली दहा टक्क्यांहून जास्त पिल्लं पडली, म्हणजे विसातली तीन, तर अख्खी चाचणी रद्द.

आमच्याकडे एकदा कंट्रोलमधली सगळीच्या सगळी पडली. दोन दिवसांची मेहनत गटारात. पुन्हा केली, पुन्हा तेच. अन्न तपासलं, काच तपासली, एकमेकांकडे संशयानं पाहून झालं. शेवटी कळलं की पाण्याच्या नळाची तोटी आदल्या आठवड्यात बदलली होती आणि नवी तोटी पितळेची होती. त्यातून उतरणारं तांबं पुरलं होतं. पाणी मऊ असेल तर लिटरमागे पन्नास-साठ मायक्रोग्रॅम तांबंही डॅफ्नियाला आडवं करतं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, दुसरी सोय नसेल तर, 1500 मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं चालवून घेतात. आपण तांब्यात रात्रभर पाणी ठेवून सकाळी मोठ्या श्रद्धेनं पितो. ते माणसासाठीच ठीक आहे.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचंही तसंच. आपलं पाणी जंतुमुक्त राहावं म्हणून नळापर्यंत पोचताना लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असं मानक सांगतं. तेवढ्यात डॅफ्निया टिकत नाही. घरी मासे पाळणारे पाणी आदल्या दिवशी भरून ठेवतात ते उगाच नाही.

"मेलं" असं का लिहीत नाहीत?

आता पंधरा सेकंदांची गोष्ट. अठ्ठेचाळीस तासांनी पेला उजेडात धरायचा, हलकेच हिंदकळवायचा आणि पंधरा सेकंद पाहायचं. त्या वेळात जे पिल्लू पोहलं नाही ते निश्चल म्हणून नोंदवायचं. त्याच्या मिशा थरथरत असल्या तरी निश्चलच. पोहणं महत्त्वाचं.

मेलं की नाही हे का नाही बघत? कारण एवढ्याशा जिवाचं मरण ठरवणं अवघड. हृदय थांबलं का हे पाहायला प्रत्येकाला सूक्ष्मदर्शकाखाली न्यावं लागेल. आणि तळ्यातल्या हिशेबानं फरकही पडत नाही. न पोहणारं डॅफ्निया म्हणजे कुणाच्या तरी तोंडातला घास, किंवा तळाशी बसून संपणारा जीव.

अर्ध्यांचा आकडा, आणि मिसळ

पेल्यांतून मिळालेल्या आकड्यांवरून एक संख्या काढतात: ज्या तीव्रतेला अठ्ठेचाळीस तासांत निम्मी पिल्लं निश्चल होतात ती. तिला ईसी-50 म्हणतात. आकडा जितका लहान तितकं रसायन जहाल. इथं लोकांची हमखास गल्लत होते, कारण मोठा आकडा म्हणजे मोठा धोका असं मनात बसलेलं असतं.

पण निम्मीच का? पहिलं पिल्लू कधी पडतं ते का नाही पाहत?

समजा कोल्हापुरात एका मिसळवाल्यानं पाच पातेल्यांत तर्री केली, प्रत्येक आधीच्यापेक्षा दुप्पट तिखट. प्रत्येक पातेल्याभोवती वीस-वीस माणसं बसवली. सगळ्यात फिकट तर्रीला कोण उठलं? कदाचित नुकतं तोंड आलेला कुणी. सगळ्यात जहाल तर्रीला कोण टिकलं? असतो एखादा, जो हिरव्या मिरच्या शेंगदाण्यासारख्या खातो. ही दोन टोकं त्या दिवशी पंगतीला कोण आलं यावर ठरतात. उद्या दुसरी माणसं बोलावली तर टोकं बदलतील. पण "कुठल्या तर्रीला अर्ध्या लोकांनी चमचा खाली ठेवला" याचं उत्तर फारसं बदलत नाही. म्हणून एका तर्रीची दुसरीशी तुलना करायची तर मधला आकडा भरवशाचा.

पण ईसी-50 ही सुरक्षित पातळी नव्हे. तिथं अर्धी पंगत उठलेली असते! कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हा आकडा ऐटीत छापलेला असतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, याच्या खाली सगळं आलबेल. तसं नाही. युरोपात उद्योगांतल्या रसायनांसाठी हाताशी फक्त अशा झटपट चाचण्यांचे आकडे असतील, तर त्यांतला सगळ्यात लहान आकडा घेऊन त्याला चक्क हजारानं भागतात आणि मग पाण्यात किती चालेल ते ठरवतात.

बाटल्यांवर मेलेला मासा आणि निष्पर्ण झाड असं चित्र कधी कधी दिसतं, परदेशातून आलेल्या सफाईच्या द्रावणांवर तर बरेचदा. ते या आकड्यांवरूनच येतं. मासा, डॅफ्नियासारखा प्राणी किंवा शेवाळ, यांपैकी कुणाचाही आकडा लिटरमागे 1 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर ते रसायन पाण्यातल्या जिवांसाठी सगळ्यात वरच्या धोक्याच्या गटात. एक मिलिग्रॅम लिटरला म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाकीत एक ग्रॅम.

मामांच्या तळ्याचं गणित

मामांच्या बाटलीतलं औषध होतं क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल. नाव जिभेला पीळ घालणारं, पण अळीवर जबरदस्त. ते अळीच्या स्नायूंतल्या कॅल्शियमच्या कोठाराचं दार उघडं अडकवून ठेवतं. कॅल्शियम गळत राहतं, स्नायू आखडतात, अळी खाणं सोडते. माणसाच्या स्नायूंतल्या दाराची घडण वेगळी असल्यामुळे ही किल्ली तिथं फारशी चालत नाही. उंदराला किलोमागे 5000 मिलिग्रॅमच्या वर दिलं तरी निम्मे मरत नाहीत. म्हणून हिरवा त्रिकोण, आणि तो अगदी रास्त आहे. जुन्या जहाल औषधांच्या मानानं फवारणाऱ्यासाठी हे वरदानच.

पण डॅफ्निया कोळंबीच्या खानदानातली, आणि कोळंबीचं घराणं व किड्यांचं घराणं हे चुलत. तिच्यावर याचा 48 तासांचा ईसी-50 आहे लिटरमागे सुमारे 12 मायक्रोग्रॅम. वर सांगितलेल्या सर्वोच्च धोक्याच्या रेषेच्याही ऐंशीपट खाली.

मामांचं शेततळं 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद, 3 मीटर खोल. काठ उतरते असल्यानं काठोकाठ भरलं तर पाणी साधारण 22 लाख लिटर बसतं. बाटली 150 मिलिलिटरची, हेक्टरभराची मात्रा. त्यात औषधाचा अंश 30 ग्रॅम. मामांनी विचारलं, "एवढ्या पाण्यात एवढीशी बाटली काय करणार?" मी मोबाइलवर भागाकार करून दाखवला. अख्खी बाटली ओतली तर लिटरमागे साडेतेरा मायक्रोग्रॅम. 22 लाख लिटर पाणी, आणि आकडा डॅफ्नियाच्या ईसी-50 च्या वर.

अर्थात अख्खी बाटली कुणी ओतत नाही. विसळताना मूळ औषधाचे दोन मिलिलिटर गेले असं धरू. म्हणजे 0.4 ग्रॅम. मोठ्या तळ्यात ते विरून जाईल. पण हेच उन्हाळ्यात ओढ्याच्या डोहात झालं तर? 0.4 ग्रॅम औषध तेहतीस हजार लिटर पाणी त्या पातळीला नेतं, म्हणजे तीन टँकरहून जास्त. डोहात तेवढं तरी असतं का पाणी उन्हाळ्यात?

आता उलट बाजूही सांगायला हवी. चाचणी स्वच्छ पाण्यात होते. खऱ्या तळ्यात गाळ असतो, औषधाचा काही भाग गाळाला चिकटतो, उन्हानं काही मोडतो. त्यामुळे पेल्यातला आकडा जसाच्या तसा तळ्याला लावता येत नाही. कुठलं औषध पाण्याला किती जड, याची उतरंड मात्र त्यातून कळते. त्या उतरंडीत हे हिरवं औषध भलतंच वर बसलंय.

"पण मासे तर जिवंत आहेत ना!"

हा मामांचा पुढचा मुद्दा, आणि खरा. त्यांनी तळ्यात रोहू-कटला सोडलेत. एकही उलटा होऊन वर आला नव्हता. येणारही नाही. ट्राउट माशावर या औषधाची चाचणी झाली तेव्हा लिटरमागे 10 मिलिग्रॅमच्या पुढेही निम्मे मरायची पातळी गाठली गेली नव्हती. मासा आणि डॅफ्निया यांच्यात जवळजवळ हजारपटीचा फरक आहे.

पाणी बिघडलं हे आपल्याला माशांमुळे कळतं. पंचगंगेत माशांचा खच पडला की बातमी होते. सांडपाण्याच्या आपल्या नियमांतही कसोटी माशांचीच आहे: न मिसळता घेतलेल्या सांडपाण्यात 96 तासांनी 90 टक्के मासे जिवंत राहायला हवेत. वाईट नियम नाही. पण मासा पास झाला म्हणजे पाणी पास झालं, हे खरं नाही. अमेरिकेत सांडपाण्याची परीक्षा माशांबरोबर डॅफ्नियाच्या छोट्या बहिणीवर, सिरिओडॅफ्नियावरही घेतात, ती उगाच नव्हे.

शिवाय मामांच्या तळ्यातला कटला खातो काय? पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडं ठेवून तो असलेच बारीक जीव गाळून खातो. रोहूची पिल्लंही लहानपणी त्यांच्यावरच वाढतात. म्हणजे मासे मारायला औषध माशांना लागावंच असं नाही. दुसरीकडे, हे ठिपके शेवाळ चरतात. चरणारे गेले की पाणी हिरवंगार होतं, आणि मग मोटारीचा फिल्टर तुंबतो. फिल्टरचं सांगितल्यावर मामा पहिल्यांदा गंभीर झाले.

"एकाच प्राण्यावरून सगळं कसं ठरवता?"

हा आक्षेप मात्र जोरदार आहे, आणि शास्त्रज्ञांना तो महागात पडलाय.

इमिडाक्लोप्रिड हे नाव कापूस पिकवणाऱ्या घरात सगळ्यांना माहीत. डॅफ्नियावर त्याचा ईसी-50 निघाला लिटरमागे 85 मिलिग्रॅम. म्हणजे जवळजवळ निरुपद्रवी! बऱ्याच काळानं युरोपातल्या शास्त्रज्ञांनी तेच औषध मे-फ्लायच्या पिल्लांवर तपासलं. पाण्यात वाढून एक दिवस पंख फुटून उडणारा हा नाजूक किडा. काही जातींची निम्मी पिल्लं 96 तासांत निश्चल झाली ती लिटरमागे 1 ते 2 मायक्रोग्रॅमला. 85 मिलिग्रॅम म्हणजे 85,000 मायक्रोग्रॅम. फरक पाच-दहापटीचा नाही, हजारोंच्या पटीचा. डॅफ्निया या औषधापुढं जवळजवळ बहिरी निघाली आणि आपण तिचं ऐकून निवांत बसलो होतो.

2011 मध्ये ओईसीडीनं आणखी एक चाचणी आणली, क्रमांक 235. तीही अठ्ठेचाळीस तासांचीच, पण कायरोनोमस नावाच्या माशीच्या नुकत्या जन्मलेल्या अळ्यांवर. माशांना घालायचे लाल किडे, ब्लडवर्म म्हणून विकतात, ते याच अळ्या मोठ्या झालेल्या. कीटकनाशक असेल तर डॅफ्नियासोबत खरा कीटकही परीक्षक म्हणून हवा, एवढं तरी शहाणपण आलं. इमिडाक्लोप्रिडवर आणि त्याच्या दोन भावांवर युरोपात 2018 मध्ये उघड्या शेतातल्या वापराला बंदी आली ती मधमाश्यांपायी. मे-फ्लायसाठी कुणी मोर्चा काढला नसता.

"दोन दिवसांत काय कळणार?"

झटपट मारणारं काय आहे ते कळतं. हळू मारणारं कळत नाही. म्हणून या चाचणीच्या पुढं एकवीस दिवसांची दुसरी असते, तिच्यात डॅफ्निया किती पिल्लं घालते ते मोजतात.

एक उदाहरण मला फार विलक्षण वाटतं. डासांच्या अळ्यांवर पायरिप्रॉक्सिफेन नावाचं औषध वापरतात. ते किड्याच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. अगदी कमी मात्रेत ते डॅफ्नियाला मारत नाही, पोहणंही थांबवत नाही. फक्त आईला मुलींच्या जागी मुलगे होऊ लागतात. अठ्ठेचाळीस तासांच्या कागदावर सगळं उत्तम. पण जी वंशावळ मुलींवरच चालते, तिथं पुढच्या पिढ्यांचं काय?

"आमच्याकडे पाणी वीस अंश कुठं असतं?"

नसतंच. श्रावणातही शेततळ्याचं पाणी पंचवीसच्या वर असतं, आणि आपल्या तळ्यांत मोइनासारख्या उष्ण पाण्याला सरावलेल्या जाती जास्त. ऊन पाण्यात बऱ्याच रसायनांचा परिणाम लवकर होतो आणि प्राणवायूही कमी विरघळतो. मग वीस अंशांची सक्ती का? कारण पुण्यातला आकडा आणि पॅरिसमधला आकडा शेजारी ठेवता यायला हवा. कापडवाला मीटरपट्टी बदलत नाही, गिऱ्हाईक उंच असो की बुटकं. ही मीटरपट्टी खरी आहे का हे पाहायला शाळेतल्या रसायनशास्त्रात भेटणारं नारिंगी पोटॅशियम डायक्रोमेट वापरतात. त्याचा चोवीस तासांचा ईसी-50 लिटरमागे 0.6 ते 2.1 मिलिग्रॅमच्या मध्ये यायला हवा. नाही आला तर त्या प्रयोगशाळेची पिल्लं किंवा हात, दोन्हींपैकी काहीतरी बिघडलंय. तरी आपल्या जाती, आपल्या तापमानाला घेऊन केलेलं काम आपल्याकडे वाढायला हवं, हा आक्षेप मला मान्यच आहे.

"आधी माणसांचं बघा"

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले. ते आठवलं की डॅफ्नियाच्या पिल्लांची मोजदाद करणं चैन वाटते, हे मी समजू शकतो. त्रिकोण माणसासाठीच आहे आणि असावाच. जहाल औषधं मागे पडून हिरवी येतायत हे चांगलंच आहे. अडचण एवढीच, की हिरवा रंग पाहिला की हात सैल होतो. लाल बाटली कुणी तळ्यात विसळत नाही. हिरवी विसळतो.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "बरं, मग पंप धुवायचा कुठं? तेवढं सांग." रास्त प्रश्न. रिकाम्या बाटलीत पाणी घालून तीनदा हलवायचं, ते पाणी फवारणी संपायच्या आधीच पंपात ओतायचं, आणि पंप धुतलेलं पाणी त्याच शेतात, ज्या पिकावर औषध मारलं त्याच्यावरच मारून टाकायचं. विहीर, तळं, ओढा यांपासून लांब. औषध तुम्ही पैसे देऊन आणलंय, शेवटचा थेंबही अळीलाच मिळू द्या.

गड्याला हाक मारून मामांनी तसं बजावलंही. त्यानं बाटली फिरवून त्रिकोण पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "दादा, हिरवं हाय की हे," तो म्हणाला.